काठी हातभर जात होती

१

सात वाजता खड्डा मऊ होता आणि साडेसातला त्यात दगड होते. मधल्या अर्ध्या तासात प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आणि दुसरीतली छबू घसरगुंडीच्या शिडीवरून डोक्यावर पडली.

हे मला बुधवारी कळले. ती पडली सोमवारी. सरकारी हिशेबाने मी वेळेच्या आधीच पोचलो होतो.

मी पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होतो. त्र्याहत्तरच्या त्या चैत्रात आमच्या तालुक्यात विस्तारत होता तो एकटा दुष्काळ. शिक्षण होते तिथेच सावली शोधत बसले होते. त्यामुळे मला वेळ होता. साहेबांनी नमुना क्रमांक अकरा माझ्या हातात दिला. त्यात पाच रकाने. त्यातले चार आमच्या कारकुनाने आधीच भरून ठेवले होते: गाव निंबाची वाडी, अपघाताचा प्रकार 'पडणे', तारीख, आणि शेवटी सुचवलेली कारवाई: 'संबंधित शिक्षकास निलंबित करावे'. मोकळा होता फक्त तिसरा रकाना. 'जबाबदार व्यक्तीचे नाव. एकच लिहावे.'

"नाव मुळे गुरुजींचं आहे," कारकून म्हणाला. "पण चौकशी केल्याशिवाय लिहू नका. नियमात बसत नाही."

उद्या दुपारच्या एसटीने कागद परत पाहिजे होता. घोडेगावला उतरलो, एक सायकल मागून घेतली आणि चार मैल पांढऱ्या फुफाट्यातून वाडीला निघालो. वाटेत दुष्काळी कामाचे खडी केंद्र लागले. सगळा गाव ओळीने बसून दगड फोडत होता. मी जाताना एकानेही मान वर केली नाही. सरकारी माणूस दिसल्यावर गाव मान वर करत नाही, म्हणजे दोनच शक्यता: गावाला फार राग आहे, नाहीतर गावाला फार काही माहीत आहे.

छबूला अजून शुद्ध नव्हती. आई-बाप तिच्याजवळ नगरला, दवाखान्यात. तिसरा दिवस.

२

शामकांत मुळे गुरुजी शाळेच्या पायरीवर बसले होते. पन्नाशीचा वाळका माणूस, अंगात स्वच्छ पण इस्त्री हरवलेला सदरा. समोर जेवणाचा डबा होता, तो उघडलेला नव्हता.

"या राजूरकर साहेब," ते म्हणाले. "नाव लिहायचंय ना? लिहा. पण आधी खड्डा बघा."

त्या मैदानाची कीर्ती मी ऐकून होतो, कारण त्याबद्दल ऑफिसात तीन तक्रारी होत्या. पूर्वी तिथे जिल्हा परिषदेने दिलेली लोखंडी घसरगुंडी होती. तिचा पत्रा गंजून कडेला पात्यासारखा झाला होता आणि वैशाखात तिच्यावर पापड भाजता आला असता. मुळे गुरुजींनी ती उपटली. वादळात पडलेल्या निंबाच्या फळ्या सुताराकडून तासून घेतल्या आणि लाकडाची घसरगुंडी उभी केली. रंग दिला नाही, करंजाचे तेल दिले. "पोरं फळी चाटतात साहेब, रंग पोटात जातो," हे त्यांनी खुलाशात लिहिले होते. ऑफिसने त्यावर 'पोरांना चाटू देऊ नये' असा शेरा मारला होता. गाडीचे मोडके चाक आडवे टाकून चक्री केली होती, ट्रकच्या टायरचे झोके केले होते. पाट्या धुतलेले पाणी सहा करंजांना जायचे. तालुक्यात त्या महिन्यात मी पाहिलेली हिरवी पाने तेवढीच.

आणि घसरगुंडीच्या भोवती खड्डा. बारा हात लांब, आठ हात रुंद, हातभर खोल. दोन वर्षांपूर्वी साखर कारखान्यात उसाच्या चिपाडाचा भुसा फुकट मिळत होता. गुरुजींनी तो गाड्या भरभरून आणवला आणि खड्डा भरला. त्यावर पोर कुठूनही पडले तरी हसतच उठायचे.

"तेव्हा गुरांनी खाल्ला नाही?" मी विचारले.

"तोंड लावलं नाही. नुसतं चिपाड ते. म्हणून तर निवडला."

मग त्यांनी मला काठी दाखवली. काठीवर टोकापासून हातभर अंतरावर चुन्याची रेघ होती. रोज सकाळी सातला, सगळ्या पोरांसमोर, गुरुजी घसरगुंडीच्या पायथ्याशी, जिथे पोरे घसरून येतात तिथे, काठी खुपसत. रेघेपर्यंत काठी गेली की मगच खेळ सुरू.

"सोमवारी?"

"रेघेपर्यंत गेली. पन्नास पोरांनी पाहिलं. छबू पुढंच उभी होती. ती म्हणाली, 'गेली गुरुजी, चढू?' मी म्हटलं, 'चढ.'" त्यांनी काठी माझ्यापुढे धरली. "मी म्हटलं साहेब. दुसरं कुणी नाही."

मी काठी घेतली आणि त्यांनी दाखवलेल्या जागी, अगदी पायथ्याशी, जोर लावून खुपसली.

ती दोन बोटे आत गेली. मग खालून दगडाचा आवाज आला.

गुरुजींचा चेहरा मी पाहिला आणि लगेच दुसरीकडे पाहिले. तो माणूस खोटे बोलत असता तर त्याच्या तोंडावर काहीतरी तयारी असती.

३

सरपंच गहिनीनाथ पाटील म्हणजे वाडीतला एकमेव माणूस ज्याच्या ओसरीत खुर्ची होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः उभे राहिले, त्यामुळे मला सारखे वर बघत प्रश्न विचारावे लागले. अधिकाऱ्याला लहान करायची ही जुनी रीत आहे.

"सोमवारी म्या सोता उकरून पंचनामा केला," ते म्हणाले. "पोरगी पडली तितं, शिडीच्या डाव्या अंगाला. वर दोन बोटं भुसा, खाली खडी. गुरुजी म्हनत्यात काठी हातभर गेली. आता काठी खरी का खडी खरी, तुमीच सांगा."

"पायथ्याशी उकरलंत?"

"पोरगी पडली डावीकडं, पायथ्याशी कशाला उकरू? आनि त्या लोखंडी घसरगुंडीवरनं कधी कोन पडलं हुतं का? इचारा."

"नव्हतं?"

"न्हाई. कारन चढतच कुनी नव्हतं. त्याला म्हनत्यात सुरक्षित."

या माणसाला ती जागा खळ्यासाठी हवी होती, ही तक्रारींतली पहिली तक्रार. मी तसे म्हटले.

"खळं?" पाटील हसले, आणि ते हसणे फार वाईट होते. "काय मळायचं हाय खळ्यात? फुफाटा? दोन सालं दाना घरात आला न्हाई. चहा घ्या."

चहा आला. दुधाचा. दुष्काळातही पाहुण्याला दूध घालतात हे पाहून मला भरून आले आणि मी बशीही संपवली. ओसरीच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा होता, त्यावर माश्यांचे मोहोळ बसले होते.

"काकवी?"

"तसंच काईतरी," म्हणत पाटलांनी डबा पायाने आत सरकवला. "साहेब, खड्ड्यातली खडी आमच्या केंद्रावरची हाय. फोडलेली, एका मापाची. ती मुकादमाच्या हुकमाबिगर हलत न्हाई. त्याला धरा."

४

मुकादम श्रीमंत. नाव सोडले तर श्रीमंतीची दुसरी काही खूण नव्हती. खडी केंद्रावरच्या झोपडीत तो हजेरीबुक मांडीवर घेऊन बसला होता आणि माझ्याकडे न बघता सगळी उत्तरे देत होता.

"खडी केंद्रातली व्हय. मंग? ढिगातनं खाली पडलेली कच लोक नेत्यात. अंगनात टाकायला, चुलीम्होरं टाकायला. पाटीभर कचंला म्या कुनाला आडवू?"

"बारा बाय आठ हाताचा खड्डा पाटीभर कचेनं भरत नाही. त्याला गाड्या लागतात. अर्ध्या तासात कोणी गाड्या ओतल्या?"

"गाडी आली आसती तर चाकोरी उमटली आसती. फुफाट्यात उंदीर गेला तरी दिसतो." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "दिसली तुमाला चाकोरी?"

दिसली नव्हती. खड्ड्यात तीनशे पाट्या दगड होते आणि गाडी आलेली नव्हती. सात वाजता ते दगड तिथे नव्हते.

"गाडीचंच म्हनाल," श्रीमंत म्हणाला, "तर दोन सालामागं भुसा आनला त्यो कानिफनाथानं. छबूच्या बापानं. खड्ड्यात किती भुसा हाय ते त्याच्याइतकं कुनाला ठावं न्हाई. पर त्यो आपल्याच लेकरासाठी दगडं पेरंल का?" मग तो एकदम उठला. "म्या न्हाई म्हनत साहेब, त्यानं केलं. म्या काईच म्हनत न्हाई. आमी चोर न्हाई साहेब. कुनाचं घेतलं तर मोकळं घेत न्हाई."

हे वाक्य मला तेव्हा उगाच बोललेले वाटले. त्याच्या बायकोने चहा आणला होता. झोपडीमागे एक शेळी बांधलेली, हाडे मोजून घ्यावीत अशी, पण उभी. चहा दुधाचा. शेळीशेजारी डबा, डब्यावर माश्या.

५

छबूच्या घरी तिची आजी एकटी होती. बनुबाई. सत्तरीच्या पुढची, पाठीतून मोडलेली, पण हात एकसारखे चाललेले. गोठ्यात एक तांबडी गाय, तिच्याजवळ डबा, डब्यावर माश्या. पूर्ण वाडीत मी पाहिलेले सगळ्यात बरे जनावर.

"बैलं चारा छावनीत हाईत," ती म्हणाली. "हिला न्हाई धाडली. छबूला दूध लागतं. लई मरतुकडी हुती पोरगी जल्मली तवा. हिच्या दुधानं वर आली." मग तिने विचारले, "मरंल का वो ती?"

चौकशी अधिकाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची तरतूद नमुन्यात नाही. मी म्हणालो, "नाही." मला त्यातले काही माहीत नव्हते.

"सकाळच्या एसटीनं तांब्या धाडते रोज. ल्योक म्हनतो, आई, ती गिळत न्हाई. म्या म्हनते, धाडनार. जागी झाली आन् दूध मागितलं तर काय सांगायचं?"

तिनेही चहा केला, दुधाचा. नको म्हणायला मला जमले नाही. मी प्यालेला कप तिने मातीने घासायला घेतला.

"राखेनं नाही घासत?" मी सहज विचारले.

"राख सपली."

मी मान हलवली. चूल पेटत होती. मागे राखेचा खड्डा खरवडून साफ केलेला होता. ज्या घरात चूल पेटते तिथली राख कशी संपते, हा प्रश्न मला सायकलवर बसल्यावर पडला. तिथेच पडला असता तर बरे झाले असते, असे नाही.

शाळेत परतलो तर झाडलोट करणारी केशरबाई गुरुजींना बोलत होती. "तीन दिस झालं, ह्यो मानूस जेवला न्हाई. मी भाकरी आनते, तसाच डबा न्यायचा?" तिने डब्यातली वाळकी भाकरी पदरात घेतली. रिकाम्या डब्यात कमरेच्या पिशवीतून काढून दोन चिंचा टाकल्या आणि डबा गुरुजींपुढे ठेवला.

"मावशी, हे काय?" मी विचारले. "त्यांचाच डबा, त्यांनाच चिंचा?"

"डबा त्यांचा हाय. रिकामं भांडं माघारी देऊ ने साहेब. तुमच्यात देत्यात?"

"आमच्यातही नाही देत."

"मंग," केशरबाई म्हणाली, जणू मी आत्ताच सुधारलो, आणि झाडू घेऊन गेली.

गुरुजींनी माझ्यापुढे एक कागद धरला. सुवाच्य अक्षर, शेवटी सही. 'खड्ड्याची पाहणी न करता मी मुलांना खेळू दिले. सर्वस्वी मी जबाबदार आहे.'

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "तुम्ही पाहणी केली होती."

"मग काठी का गेली साहेब?" त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला. "दोन दिवस हेच. मी वेडा आहे, किंवा मी खोटा आहे. वेड्याने शाळा चालवू नये आणि खोट्यानेही चालवू नये. तुम्ही लिहा."

तेवढ्यात केशरबाई धावत परत आली. झाडू हातातच होता.

"कानिफनाथ आलाय नगरास्नं! कुऱ्हाड घिऊन निगालाय घसरगुंडी तोडायला!"

६

कानिफनाथ तरुण होता, चार दिवसांच्या दाढीत म्हातारा दिसत होता. त्याने पहिला घाव शिडीवर घातला. त्याच्या मागे खडी केंद्रावरून सुटलेला सगळा गाव, हातात रिकाम्या पाट्या, आणि सगळ्यांत मागे बनुबाई. कोणी त्याला अडवत नव्हते. गुरुजी तर पुढे होऊन म्हणाले, "तोड बाबा."

"छबू?" मी विचारले.

"हाय तशीच." दुसरा घाव.

"कानिफनाथ, कुऱ्हाडीनं फळ्या तुटतील. दगड कुणी टाकले ते कळणार नाही. मला कुदळ दे आणि चहा प्यायला लागतो तेवढा वेळ दे."

का कोण जाणे, तो थांबला. कदाचित कोणीतरी थांबवण्याचीच वाट बघत असावा.

मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कामात कुदळ मारली. खड्ड्याच्या एका अंगाने आडवा चर घेतला आणि मातीची उभी भिंत उघडी केली. वर दोन बोटे भुसा. खाली खडीची कच, पण पाटीभरच, उपड्या टोपलीच्या आकाराची. तिला चिकटून तांबडा मुरूम, पाटीभर. मग काळी ढेकळे. मग पुन्हा कच. मग फुटक्या कौलांचे तुकडे. गोधडीला ठिगळे लावावीत तसा खड्डा भरलेला होता.

"गाडीनं ओतलेला माल असा दिसत नाही," मी म्हणालो. "हे एका माणसाचं काम नाही आणि एका रात्रीचंही नाही. तीनशे पाट्या आहेत, आणि प्रत्येक पाटी वेगळ्या घरची."

गावाच्या हातातल्या पाट्या हळूच पाठीमागे गेल्या.

"कुणाला दगड टाकायचे नव्हतेच. भुसा न्यायचा होता. दोन वर्षांपूर्वी गुरं याला तोंड लावत नव्हती. यंदा तुम्ही छावणीत पाहिलंत, चिपाडावर कारखान्याची गोड मळी शिंपडली की उपाशी गुरं खातात. मी आज तीन घरी गेलो. तिन्ही घरी माश्या बसलेला डबा होता. ती काकवी नव्हती. आणि जिथं चारा नाही तिथं मला तीन वेळा दुधाचा चहा मिळाला."

"मंग दगडं कशापाई?" कानिफनाथ ओरडला. "भुसा न्ह्यायचा तर न्ह्या की! दगडं कशापाई टाकली?"

"पाटी कधी रिकामी न्यायची नसते म्हणून." मी केशरबाईकडे पाहिले. तिने पदर तोंडाला लावला. "शाळेचं घ्यायचं, तर बदल्यात काहीतरी ठेवायचं. कामावरून येताना पाटीत जे असेल ते. या दुष्काळात गावात एकच गोष्ट भरपूर होती, ती गावाने प्रामाणिकपणे दिली. वर थोडा भुसा पसरला, जागा उघडी दिसू नये म्हणून. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच नेतोय. पाटीभरानं काय होतं."

"आन् गुरुजींची काठी?" हे पाटील होते. आवाजातली खुर्ची गेली होती.

"ती खरंच हातभर जात होती. गुरुजी रोज एकाच जागी टोचायचे, पायथ्याशी. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कारण तुमची पोरं घरी येऊन सांगायची. म्हणून तेवढी जागा सोडून सगळ्यांनी नेला. तिथला नेला तर गुरुजींना कळेल, गुरुजींना वाईट वाटेल. खड्ड्यात मऊ अशी एकच जागा उरली, दीड हाताची, गुरुजींच्या मनासाठी राखलेली. पण पोरं पायथ्याशी पडत नाहीत. तिथं ती येऊन बसतात. पडतात ती शिडीवरून."

मुळे गुरुजी खाली बसले. ते वेडे नव्हते आणि खोटेही नव्हते, पण यातले काहीच त्यांच्या चेहऱ्यावर दिसले नाही.

"पर साहेब," श्रीमंत हळूच म्हणाला, "आता तर पायथ्याशीबी दगड लागतोय म्हनं."

"लागतो." मी कुदळ पायथ्याशी मारली. भुशाखाली राख निघाली, चुलीची, भुरभुरीत, अजून दबलेलीसुद्धा नाही. राखेत वरच दोन दगड. "ही पाटी अपघातानंतरची. आता गुरुजी काठी टोचणार नव्हते, तेव्हा ती जागा राखायचं कारण उरलं नव्हतं. ही कुणाची ते..."

मी थांबलो. मला माहीत होते. सांगावे की नाही याचा नियम मी शोधत होतो.

"माजी हाय," बनुबाई म्हणाली.

कानिफनाथ वळला.

"सोमवारी सांजच्याला. तू तिला घिऊन गेल्तास. गाईला काय न्हवतं. पोरीला दूध धाडायचं हुतं." तिला श्वास पुरत नव्हता. "शेवटची माजी. आन् त्याच्या आदीच्या धा माज्या. रोज येक. तिच्याच दुधासाटी."

पाटलांनी पागोटे काढून हातात घेतले आणि म्हणाले, "माज्या सात."

"माज्या चार," श्रीमंत.

"पाच," केशरबाई. मग मागून एकेक आकडे येऊ लागले. शाळेत हजेरी घेतात तशी ती हजेरी झाली. शेवटी कानिफनाथाने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली.

"माज्या तीन," तो म्हणाला. "शिडीच्या डाव्या अंगाच्या."

७

नमुन्यात नाव एकच लिहायचे होते. हजेरी भरली होती एक्केचाळीस घरांची.

गुरुजी म्हणाले, "माझंच लिहा साहेब. एकाच जागी टोचली, ही चूक माझीच ना?" ते खरे होते, म्हणून मला ते लिहिता येईना. मी एका नमुन्यात एक नाव, असे एक्केचाळीस नमुने करायचे ठरवले. शाळेतल्या कोऱ्या वह्यांवर रकाने आखले. प्रत्येकाने अंगठा दिला. बनुबाईने दिला तेव्हा तिच्या अंगठ्याला अजून राख होती, त्यामुळे शाईची गरज लागली नाही. मग मी बेचाळिसावा नमुना आखला आणि त्यात माझे नाव घातले. कारण: तीन कप चहा, दुधाचा, एक बशीसह.

दुपारच्या एसटीने गठ्ठा गेला. ऑफिसचे उत्तर आठ दिवसांनी आले. 'एका अपघातास एकच जबाबदार व्यक्ती असते. बेचाळीस असल्यास बेचाळीस अपघात घडल्याचे दाखवावे, अन्यथा नाव निश्चित करून कळवावे.' मी कळवले की चौकशी चालू आहे. ती अजून चालू आहे. चौकशी चालू असेपर्यंत शिक्षकाला निलंबित करता येत नाही, हा आमच्या खात्यातला मला सापडलेला एकमेव दयाळू नियम.

छबूने त्या शुक्रवारी डोळे उघडले. दूध मागितले नाही, पाणी मागितले. उजवा हात आणि उजवा पाय मात्र परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, येतील, किंवा येणार नाहीत. तेही चौकशीच चालवत होते.

खड्डा गावाने पुन्हा उकरला. नदीत पाणी नव्हते, पण वाळू होती, आणि वाळू कोणतेही जनावर खात नाही. ती ओढून आणली गावात उरलेल्या आणि छावणीतून परत आणलेल्या बैलांनी. त्यांतले अर्धे बैल त्या भुशावरच जगले होते. हे मी कोणाला बोलून दाखवले नाही, पण बैल हाकताना सगळे खाली बघत होते, म्हणजे त्यांना माहीत होते. तोडलेली शिडी कानिफनाथाने स्वतः बसवली, दोन्ही बाजूंना हात धरायला दांडी लावून.

जूनमध्ये मी पुन्हा गेलो, निमित्त तपासणीचे. सकाळचे सात. पोरे ओळीने उभी. कानिफनाथाने छबूला कडेवरून उतरवून खड्ड्याच्या काठावर बसवले. केस कापलेले, मान थोडी कललेली. गुरुजी काठी घेऊन खड्ड्यात उतरले आणि सवयीने पायथ्याकडे निघाले.

"तितं न्हाई गुरुजी," छबू म्हणाली. शब्द जड पडत होते, एकेक उचलून ठेवल्यासारखे. तिने डावा हात लांब केला आणि शिडीच्या मागचा पार कोपरा दाखवला. "आज तितं."

गुरुजी वळले. काठी घातली. रेघेपर्यंत गेली.

"आता तितं," छबू म्हणाली.

पन्नास पोरे खोळंबली होती. कोणीही घाई केली नाही.